स्नोमोबिलचं इंजिन बांधलं, आता कूलंट गळतंय. कुठून शोधायला सुरुवात करावी?

उत्तरध्रुव
नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात डुलुथजवळ राहतो. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी एक जुनी स्नोमोबिल घेतली. ६०० सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बसलं होतं, म्हणून उन्हाळ्यात इंजिन पूर्ण खोललं. पिस्टन, रिंगा, पिनांची बेअरिंगं, क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं, बेस गॅस्केट, हेडच्या ओ-रिंगा आणि वॉटर पंपाचं सील, सगळं नवीन टाकलं. सिलिंडरचं निकासिल प्लेटिंग, म्हणजे आतल्या भिंतीवरचा कडक मुलामा, शाबूत होतं, त्यामुळे फक्त हलका होन मारला, म्हणजे भिंत दगडाने हलकी घासून घेतली. क्रँक तपासून घेतला, तो ठीक आहे.

इंजिन सुरेख चालतंय. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे. पण कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरते आणि बेली पॅनमध्ये हिरवट ओलावा जमतो. नेमकं कुठून येतंय ते दिसत नाही, कारण वरून कुठूनही ठिबकलं तरी सगळं त्या प्लॅस्टिकच्या तळाशीच गोळा होतं.

भीती एकच: कूलंट क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या क्रँकच्या घरात, तर उतरत नसेल? पुन्हा इंजिन काढायचं का? बर्फ पडायला लागलाय आणि नॉर्थ शोअरचा ट्रेल खुणावतोय. अनुभवी लोकांनी सांगावं.

पिठलंभाकरी
एक बाळबोध प्रश्न. जी गाडी बर्फातच चालते तिला कूलंट कशाला लागतं? बाहेर उणे वीस असताना इंजिन आपोआप थंड राहत नाही का?

एडमंटनकर
@पिठलंभाकरी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. एअर कूल्ड स्नोमोबिल असतात, पंख्याच्या हवेवर चालणाऱ्या. पण ६०० सीसीचं जोरकस टू-स्ट्रोक नुसत्या हवेवर आवरत नाही. बाहेर कितीही थंडी असली तरी पिस्टनच्या डोक्यावर जाळ तोच असतो.

गंमत म्हणजे यातल्या बहुतेक गाड्यांना मोटारीसारखा जाळीचा रेडिएटर नसतो. मागे जो रबरी पट्टा फिरतो त्याच्या वर अ‍ॅल्युमिनियमचा बोगदा असतो, त्याला टनेल म्हणतात. या टनेलला हीट एक्स्चेंजर बसवलेले असतात. पट्टा जो बर्फ उडवतो तो त्यांच्यावर आपटतो, वितळतो आणि कूलंटची उष्णता घेऊन जातो. त्यामुळे मोकळा बर्फ असेल तोवर इंजिन मजेत, आणि कडक बर्फावर किंवा गोठलेल्या तळ्यावर तापायला लागतं. मग लोक स्क्रॅचर लावतात, म्हणजे बर्फ खरवडून पट्ट्यावर उडवणाऱ्या स्प्रिंगच्या काड्या.

@उत्तरध्रुव, म्हणूनच गळती फक्त इंजिनपाशी शोधू नका. पट्ट्याला कार्बाइडचे स्टड आहेत का? टनेलला प्रोटेक्टर नसतील तर स्टड हीट एक्स्चेंजरला घासून भोक पाडतात. ते आधी बघा, बघायला फुकट आहे.

उत्तरध्रुव
धन्यवाद. स्टड नाहीत. टनेल खालून बॅटरी मारून पाहिलं, कोरडं आहे.

उद्यमनगरी
कोल्हापुरात उद्यमनगरला माझं मशिन शॉप आहे. स्नोमोबिल डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण हेड आणि ब्लॉक रोज हातात असतात. गळती ती गळतीच.

पहिली गोष्ट, इंजिन खोलू नका. खोललं की पुरावा गेला. मग सगळं नवीन टाकून पुन्हा बांधाल आणि गळती तिथेच असेल. आधी सिस्टिमला प्रेशर द्या. कूलंटच्या टोपणाच्या जागी बसणारं, हातपंपाचं टेस्टर मिळतं. तुमच्या टोपणावर जो आकडा असेल त्याच्या वर जायचं नाही. १३ पीएसआय असेल तर १३ वर थांबा, म्हणजे आमच्या भाषेत ०.९ किलो. इंजिन गार असताना प्रेशर भरा आणि काटा बघत बसा. काटा पडला तर गळती आहे. मग टॉर्च घेऊन वरून खाली या: हेडची कड, थर्मोस्टॅटचं घर, प्रत्येक होजचं (रबरी नळीचं) तोंड, वॉटर पंपाचं कव्हर, बेस गॅस्केटची कड, ड्रेन बोल्ट. जे सर्वात वर ओलं आहे तोच उगम. खालचा ओलावा बघून निष्कर्ष काढायचा नाही.

दुसरं, वॉटर पंपाच्या शाफ्टला दोन सीलं असतात, एक कूलंटच्या बाजूला आणि एक तेलाच्या. त्यांच्यामध्ये बाहेर निघणारं बारीक भोक असतं. त्या भोकातून कूलंट आलं तर पाण्याकडचं सील गेलं, तेल आलं तर तेलाकडचं. नवीन मेकॅनिकल सील बसवताना त्याच्या सिरॅमिकच्या तोंडाला ग्रीसचं बोट लागलं किंवा सील तिरकं बसलं तर ते पहिल्या दिवसापासून पाझरतं. माझा संशय तिथेच आहे.

दादरची_खिडकी
आमच्या सोसायटीच्या गच्चीची गळती आठवली. डाग दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या हॉलमध्ये आणि भेग पाण्याच्या टाकीखाली! उद्यमनगरीकाका म्हणतात ते शंभर टक्के पटलं, वरून खाली या. 😄

जुगाडू
एवढा व्याप कशाला? गळती थांबवायची पावडर मिळते. कूलंटमध्ये टाका, गाडी फिरवा, विषय संपला. माझ्या जुन्या मारुतीत टाकली होती, गाडी विकेपर्यंत थेंब पडला नाही.

एडमंटनकर
@जुगाडू, मोटारीत रस्त्यात अडकला असाल तर एक वेळ समजू शकतो. इथे नको. ती पावडर गळती कुठे आहे ते विचारत नाही, जिथे वाट अरुंद तिथे बसते. थर्मोस्टॅट आहे, बाटलीकडे जाणारी बारीक नळी आहे, हवा काढायचा स्क्रू आहे. आणि रानात, माणसापासून पन्नास किलोमीटरवर, उणे तीसमध्ये इंजिन तापून बंद पडलं तर तो निव्वळ खर्चाचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. नवीन बांधलेल्या इंजिनात असलं काही टाकू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

उद्यमनगरी
+१. आणि पावडरीने बंद झालेली गळती आतली होती की बाहेरची, हे कधीच कळत नाही.

जुगाडू
बरं बरं, मागे घेतो. रानाचा मुद्दा लक्षात नव्हता आला.

आरएक्सवेडा_सातारा
टू-स्ट्रोकचं नाव दिसलं म्हणून आलो. माझं आयुष्य आरएक्स १०० मध्ये गेलं. ती एअर कूल्ड, पण क्रँककेसचं तत्त्व तेच आहे.

उत्तरध्रुवदादांची भीती खरी आहे. फोर-स्ट्रोकमध्ये कूलंट तेलात उतरलं तर डिपस्टिकवर दुधी फेस दिसतो, माणूस सावध होतो. टू-स्ट्रोकला तेलाचं तळंच नाही. क्रँकची बेअरिंगं पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलाच्या धुक्यावर जगतात. तिथे कूलंट पोचलं तर ते तेल धुऊन काढतं. गाडी उभी राहिली की बेअरिंगवर गंज चढतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढच्या मोसमात क्रँक ओरडायला लागतो.

म्हणून नुसती कूलंटची प्रेशर टेस्ट पुरेशी नाही, क्रँककेसची पण करा. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी किंवा पट्टी आणि ट्यूबच्या तुकड्याने घट्ट बंद करायची. प्लग लावलेले असू द्या. कार्ब्युरेटरवाली आहे म्हणजे फ्यूल पंपाला क्रँककेसमधून पल्सची नळी असेल, तिथून ६-७ पीएसआय हवा भरा. जास्त नाही, सीलं बाहेर ढकलली जातील. दोन सिलिंडरचे कप्पे वेगळे असतात, दोन्ही तपासा. काटा काही मिनिटं जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावा आणि कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात का ते पण बघा.

आणखी एक सोपी खूण. प्लग काढून पिस्टनच्या डोक्यावर उजेड टाका. एक पिस्टन काळसर आणि दुसरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्या स्वच्छ सिलिंडरमध्ये पाणी जातंय. वाफ कार्बन साफ करते.

पिठलंभाकरी
आरएक्सवेडा, काय सुंदर समजावलंत! वाचनखूण साठवली. माझ्याकडे साधी सायकल आहे, तरी साठवली.

माई_मिनियापोलिस
गाडीतलं मला कळत नाही, पण एक सांगते. एथिलिन ग्लायकॉलचं कूलंट गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांसाठी ते घातक विष आहे, थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. गॅरेजमध्ये थेंब पडत असतील तर ताबडतोब पुसा आणि खाली ट्रे ठेवा. प्रॉपिलिन ग्लायकॉलचं कमी विषारी कूलंट मिळतं, घरात प्राणी असतील तर विचारून बघा आपल्या इंजिनाला चालतं का. लहान मुलांपासूनही लांब ठेवा.

उत्तरध्रुव
माई, मनापासून आभार. घरी कुत्रा आहे. आजच ट्रे ठेवला आणि जमीन धुऊन घेतली.

मोन्त्रियालची_मंजिरी
थोडं अवांतर. माई मिनेसोटाच्या आहेत म्हणून: तुमच्या राज्याच्या उत्तर टोकाला रोझो गावात पोलारिस ही स्नोमोबिल कंपनी सुरू झाली, १९५४ साली. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन मार्च १९६० मध्ये अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत, सुमारे १,२०० मैल, स्नोमोबिलवर गेला. ही यंत्रं लांबच्या प्रवासाला टिकतात हे त्याला लोकांना दाखवायचं होतं. पुढे त्यानेच थीफ रिव्हर फॉल्सला आर्क्टिक कॅट उभी केली.

आमच्या क्युबेकची कथा वाचताना मात्र गळा दाटून येतो. वाल्कूरचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग करत होते. जानेवारी १९३४ मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद होते, इस्पितळात नेता आलं नाही आणि तो गेला. १९३७ मध्ये त्यांनी पट्ट्यावर चालणारी सात जणांची बी-७ गाडी बाजारात आणली. तशा गाड्या पुढे डॉक्टरांनी, शाळांनी, टपालखात्याने वापरल्या. त्यांची स्की-डू ही स्नोमोबिल आली १९५९ मध्ये. आज आपण मजेसाठी चालवतो, पण सुरुवात हिवाळ्यात अडकलेल्या माणसांसाठी झाली होती.

दादरची_खिडकी
मंजिरी, हे माहीतच नव्हतं. सुन्न झाले. गुलमर्गला स्नोमोबिलवर मागे बसून फोटो काढले होते, तेव्हा एवढंच कळलं होतं की आवाज फार आणि धूर त्याहून फार.

आरएक्सवेडा_सातारा
त्या धुराला नावं ठेवू नका हो, तो आमच्यासाठी अत्तर आहे.

उत्तरध्रुव
मुद्द्यावर येतो. शनिवारी दोन्ही टेस्ट केल्या.

कूलंटला १३ पीएसआय दिलं. गॅरेज गरम होतं. काटा हललाच नाही. क्रँककेसचे दोन्ही कप्पे ६ पीएसआयवर धरून राहिले, साबणाचं पाणी सगळीकडे मारलं, बुडबुडा नाही. दोन्ही पिस्टनची डोकी सारखी काळसर. पंपाच्या शाफ्टचं भोक कोरडं.

म्हणजे क्रँक वाचला, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. पण मग गळती गेली कुठे? टेस्टनंतर गाडी बाहेर काढून ठेवली, सकाळी सुरू केली, थोडी फिरवली आणि बेली पॅन पुन्हा ओलं.

जुगाडू
पातळी उतरायचं कारण हवा असू शकते ना? इंजिन नवीन बांधलं की आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर येते आणि बाटली खाली जाते. यावेळी पावडर सुचवत नाहीये!

एडमंटनकर
जुगाडूंचा मुद्दा बरोबर आहे, बाटलीपुरता. हवा काढताना ब्लीड स्क्रू हा सिस्टिममधला सर्वात उंच बिंदू हवा. गाडीचं ते टोक उचलून ठेवावं लागतं, नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या लांबीत हवा अडकून राहते. पहिल्या एकदोन वेळा गरम-गार झाल्यावर पातळी थोडी उतरणं ठीक. पण हवेने बेली पॅन ओलं होत नाही.

उत्तरध्रुव, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत उत्तर आहे असं मला वाटतं. गरम गॅरेजमध्ये कोरडं, रात्रभर बाहेर ठेवलं की ओलं. ही थंडीतली गळती आहे. होजचं रबर थंडीने कडक होतं आणि आकसतं. त्याच्या आतली अ‍ॅल्युमिनियमची नळी पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसते. बाहेरची स्क्रूवाली क्लिप मात्र आहे त्या मापावर बसून राहते. मध्ये केसाएवढी फट पडते. सुरू केल्यावर पंपाचं प्रेशर येतं आणि तिथून झिरपतं. इंजिन गरम झालं की रबर फुगतं, फट मिटते, आणि तुम्ही बॉनेट उघडेपर्यंत सगळं निरागस दिसतं. अल्बर्टात जुन्या मोटारींना दर जानेवारीत हेच होतं.

टेस्टर लावूनच गाडी रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता, गार असतानाच प्रेशर भरा आणि टॉर्च मारा.

आणि विचारतो, होज जुनेच आहेत का?

उत्तरध्रुव
हो. चिरा नव्हत्या, दाबून पाहिले तर मऊ होते, म्हणून तेच लावले.

उद्यमनगरी
एडमंटनकरांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, पण मी अजून पंपाचं सील सोडत नाही. सीलमध्येही रबर असतं, तेही थंडीत कडक होतं. गार टेस्टमध्ये ते भोक नक्की बघा. भोकाखाली पांढरा टिशू पेपर चिकटवून ठेवा, थेंबभर आलं तरी रंग दिसेल.

हेडच्या बोल्टना पुन्हा टॉर्क देण्याचा, म्हणजे मापाने आवळण्याचा, मोह होईल, तो टाळा. ओ-रिंगचं हेड आहे. गॅस्केट दबतं म्हणून कुठे कुठे पुन्हा टॉर्क देतात. ओ-रिंग खाचेत बसलेली असते, धातूला धातू टेकलेला असतो. जास्त आवळून ती जास्त सील करत नाही, अ‍ॅल्युमिनियमचे आटे मात्र निघतात.

खारघरचा_खवय्या
वाचतोय. मालिकेपेक्षा जास्त उत्सुकता लागली आहे. निकाल कळवा हो!

उत्तरध्रुव
सापडली!

रात्री उणे २४ होतं. सकाळी बाहेरच, हातमोजे घालून प्रेशर भरलं. काटा लगेच उतरायला लागला. पंपाखालचा टिशू पांढरा शुभ्र. हेड, बेस, थर्मोस्टॅट, सगळं कोरडं. एक्झॉस्टच्या मागे, हात जेमतेम जातो अशा जागी, हीट एक्स्चेंजरकडून पंपाकडे येणारा होज आहे. त्याच्या तोंडाशी हिरवा मणी तयार होत होता आणि होजच्या खालच्या बाजूने ओघळत बेली पॅनमध्ये जात होता.

होज काढला. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर पांढरा खरपुडा आणि एका बाजूला गंजाने खाल्लेले बारीक खड्डे. इतकी वर्षं होज एकाच जागी रुतून बसला होता, त्या खड्ड्यांवर रबराचा साचा पडला होता. इंजिन काढताना तो हलवावाच लागतो, आणि परत तोच साचा त्याच खड्ड्यांवर बसत नाही. गरम असताना मऊ रबर खड्डे भरायचं, गारठ्यात नाही.

एडमंटनकर, तुमचे किती आभार मानू! इंजिन पुन्हा टेबलावर येणार होतं, ते वाचलं.

एडमंटनकर
वा! आता घाई करू नका. खरपुडा बारीक पॉलिश पेपरने नळीच्या गोलाईने काढा, लांबीच्या दिशेने नको, उभे ओरखडे म्हणजे गळतीला तयार वाटा. त्याआधी नळीच्या तोंडात चिंधी कोंबा, भुकटी आत जाऊ देऊ नका. खड्डे खोल असतील तर वेल्डिंगने भरून घासून घ्यावे लागतील. होज नवीन घ्या. क्लिप स्क्रूवाली न घेता स्प्रिंगची घ्या, जी रबर आकसलं की स्वतःही आवळते.

उद्यमनगरी
माझा संशय खोटा ठरला याचा आनंद आहे, पंप पुन्हा उघडावा लागला नाही. खड्डे नखाला लागतात का बघा. नख अडकत नसेल तर पॉलिश पुरे. अडकत असेल तर अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग करणाऱ्याला गाठा, आणि वेल्डिंगआधी आतलं कूलंट पूर्ण काढून भाग कोरडा करा.

उत्तरध्रुव
काका, नख अडकत नव्हतं. पॉलिश केलं, नवीन होज, स्प्रिंगच्या क्लिपा. बाकीचे होजही बदलून टाकले, कारण त्यांचंही वय तेच आहे. गाडीचं पुढचं टोक उचलून हवा काढली. पुन्हा रात्रभर बाहेर, पुन्हा गार टेस्ट. काटा जागचा हलला नाही.

पिठलंभाकरी
टाळ्या! आता कूलंटचं प्रमाण किती ठेवलंत? उणे २४ मध्ये गोठत नाही?

उत्तरध्रुव
अर्धं ग्लायकॉल, अर्धं डिस्टिल्ड पाणी. ते साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं.

एडमंटनकर
आमच्याकडे काही जण ६०:४० करतात, ते उणे ५० च्या आसपास जातं. पण नुसतं ग्लायकॉल कोणी भरू नका. शुद्ध एथिलिन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, पाणी मिसळल्यावरच ते खाली जातं. आणि गळती शोधताना "तात्पुरतं" साधं पाणी भरून गाडी बाहेर विसरलात तर पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, सिलिंडरचं जॅकेट फुटतं.

माई_मिनियापोलिस
काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका हं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या.

उत्तरध्रुव
हो माई, डबा भरून झाकण लावून वर नाव लिहून ठेवलाय, केंद्र उघडं असेल तेव्हा नेतो.

आरएक्सवेडा_सातारा
दादा, एक शेवटचं. नवीन पिस्टन आहेत, गार इंजिनवर लगेच जोर लावू नका. पिस्टन आधी फुगतो, थंड कूलंटने वेढलेला सिलिंडर मागून, आणि मधल्या मधे पिस्टन चिकटतो. कूलंटचं तापमान वर आल्यावर थांबत थांबत वाढवा. आणि पहिल्या लांबच्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार झालं की बाटलीची पातळी, तो होज आणि पंपाखालचं भोक पुन्हा बघा. टिशू पेपर तिथेच राहू द्या.

उत्तरध्रुव
टिशू नवीन चिकटवलाय. रविवारी डुलुथहून निघून टू हार्बर्सपर्यंत जाऊन येतो, बरोबर एक मित्र त्याच्या स्नोमोबिलवर असेल. परत आल्यावर पातळी इथेच कळवतो.